समजा

बुधवारी संध्याकाळी साडेसहाला, अशोक चौकाच्या पुढं,
पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावर आमचा वर्ग भरतो.
सर्जनशील लेखन. फी चारशे.
दिवसभर खाल्लेलं ऊन
पत्रा तेव्हा सावकाश आमच्या डोक्यावर ओकत असतो.
पंखा आहे. तो फक्त कागद उडवतो.

कलशेट्टी बाईंनी फळ्यावर एकच शब्द लिहिला:
समजा.
म्हणाल्या, विज्ञानकथा म्हणजे रॉकेट नव्हे.
जगातली एक गोष्ट बदला. एकच.
बाकी सगळं आहे तसं राहू द्या
आणि बघत बसा, काय काय ढासळतं.

मी मागच्या बाकावर. बावन्न वर्षांचा.
महापालिकेचा चावीवाला,
म्हणजे रस्त्यातलं झाकण उचलून, वाकून,
लांब दांड्याच्या चावीनं गल्लीगल्लीला पाणी सोडणारा.
वर्गात सगळे मला काका म्हणतात
आणि आज कुणाचा नंबर, ते हळूच विचारून घेतात.

पहिली कथा झेरॉक्सवर वाचली.
ताऱ्यांकडून संदेश येतो, नुसती भोकंच भोकं,
ओळीनं, मधली काही गाळलेली.
शास्त्रज्ञ अकरा पानं डोकं खाजवतात.
नागमणी येमूल तिसऱ्या पानावरच म्हणाली,
बाई, ही टॉवेलची किनार आहे.
तिच्या नान्नाच्या जेकॉर्डवरची पुठ्ठ्याची कार्डं
मोजत मोजत ती लहानपणी झोपायची.
तिनं वहीत भोकं उतरवली, रेघांनी जोडली.
अर्धा मोर निघाला.
अर्धाच. लेखकाला पुढचं येत नसावं.

दुसऱ्या कथेत एकजण काळात मागं जातो.
अल्ताफ नदाफ म्हणाला, त्यात काय,
आमचे दादा रोज जातात.
मिल बंद पडून किती वर्षं झाली,
पहाटे भोंगा फक्त त्यांना ऐकू येतो.
उठतात, डबा मागतात. आम्ही भरून देतो.
कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत जातात
आणि अख्खी पाळी करून परत येतात,
घामाघूम.
बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, लिही.

तिसऱ्या आठवड्यात मी.
एकच वाक्य लिहून आणलं होतं:
समजा, सोलापुरात रोज पाणी आलं.

आधी हशा.
कुणी म्हणालं, काका, ही विज्ञानकथा नाही, परीकथा.
मग नागमणीनं विचारलं, बॅरलांचं काय?
जिन्याखालच्या, गॅलरीतल्या, पलंगाखाली आडव्या केलेल्या?
अल्ताफ म्हणाला, लग्नाची तारीख कशावरून धरायची?
(आमच्याकडं तारीख दोनदा बघतात,
एकदा कॅलेंडरात, एकदा मला फोन करून.)
राजव्वा कोडम वर्गाला सूप घेऊनच येतात.
पानावरची कात्री न थांबवता म्हणाल्या,
रात्री अडीचला नळावर आम्ही पाचजणी असतो.
रोज आलं तर झोपू रात्रभर.
मग बोलायचं कधी?

बराच वेळ नुसती कात्री वाजत राहिली.

बाईंनी फळ्यावर मांडून घेतलं:
बॅरल. तारखा. बोलणं.
म्हणाल्या, बघा, लागलं ढासळायला.
आणि चावीवाल्याचं काय होतं, काका?

पुढच्या बुधवारी सांगतो, म्हटलं.

चार बुधवार गेले.
कथा एवढीच सरकलीय:
चावी खिळ्याला टांगलेली आहे.
तो माणूस तरीही पहाटे उठतो, गल्लीत जातो.
भांडी वाजत नाहीत. मोटारी घरघरत नाहीत.
दाब कमी आहे म्हणून कुणी त्याच्या आईबापाचा उद्धार करत नाही.
तो गुडघ्यावर बसून झाकणाला कान लावतो.
आत पाणी वाहतंय,
त्याला न विचारता.

त्याला आनंद व्हायला हवा.
तसं दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं.

आता निजतो. दोनचा गजर लावलाय,
आज जोडभावी पेठेचा नंबर.